गोधडीचा घास

निघोज्यात गोजाबाईंच्या गोधडीखाली कधी झोपलाच नाही असा माणूस सापडणं अवघड, असं निदान गोजाबाईंचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही. सरपंच झालेला, सरपंच होता होता राहिलेला, दुबईला गेलेला, सगळे त्यांच्याच टाक्यांखाली लहानाचे मोठे झाले. गावात बारसं ठरलं की पाळण्याच्या आधी गोजाबाईंच्या ओट्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं येऊन पडायचं. पुढं गुळगुळीत ब्लँकेटं आली, एकावर एक फुकट मिळू लागली आणि गाठोडी यायची कमी झाली. गोजाबाई त्या ब्लँकेटांना ‘निसरडी’ म्हणतात आणि विषय संपवतात.

गोधडीच्या बाबतीत त्यांचे कायदे कडक. कापड अंगावर वापरलेलंच हवं. आजीचं लुगडं, बापाचं धोतर, लग्न होऊन गेलेल्या आत्याचा परकर, असं घरातलं प्रत्येक माणूस थोडं थोडं तिच्यात आलं पाहिजे. कोऱ्या कापडाला माणसाचा वास नसतो, मग ऊब कुठून येणार, हा त्यांचा सवाल असे. आणि शेवटचा कोपरा शिवून बंद करायच्या आधी त्यात चिमूटभर ज्वारी टाकायची. त्याला घास म्हणायचं. गोधडी उपाशी राहिली तर तिच्याखाली झोपणाराही उपाशी राहतो, असं त्यांना सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. याला पुरावा काय, असं विचारणारा त्या घराण्यात अजून जन्माला यायचा आहे.

चाकणची एमआयडीसी सरकत सरकत निघोज्यापर्यंत आली तेव्हा येळवंड्यांची, म्हणजे गोजाबाईंच्या घरची, बरीचशी शेती तिच्यात गेली. जिथं त्यांचा कांदा व्हायचा तिथं आता गाड्यांना रंग देतात. त्याचं गोजाबाईंना फार दुःख आहे असं कुणी समजू नये. दुमजली घर झालं, वरच्या खोल्यांत बीड-लातूरकडचे भाडेकरू आले, मुलगा जयदीप शिफ्टला जाऊ लागला. दुःख होतं ते हातांचं. उभ्या जन्मात जे हात कधी स्वस्थ बसले नव्हते त्यांना एकाएकी काम उरलं नाही. मग हातांचं काम तोंडानं अंगावर घेतलं, आणि त्याचा सगळ्यात जास्त लाभ सुनेला, म्हणजे तनुजाला झाला.

गोठाही रिकामा पडला होता. तिथं एकेकाळी एक काळीपांढरी एचएफ गाय होती. ही जात मूळची हॉलंडची, असं डेअरीच्या डॉक्टरानं एकदा सांगितलं, तेव्हापासून गोजाबाई तिला ‘हालंडीण’ म्हणत. गाय विकली त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या.

तनुजा गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. त्या निमित्तानं तिला चिंचवडला बैठकांची बोलावणी येत. आपल्याकडचे आणि हॉलंडचे अधिकारी, कारखानदार एकत्र बसून ठरवत की धंदा तर वाढावा, पण दोन्हीकडची शहरं कचऱ्याखाली गाडली जाऊ नयेत, यासाठी मिळून काय करता येईल. तनुजा तिथल्या बिस्किटांसाठी जायची, असं ती स्वतःच सांगते. अशाच एका बैठकीत मंजुषा नावाची इंजिनिअर बोलायला उभी राहिली. ती पिंपळे सौदागरला राहते आणि चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम बघते. त्यांची कंपनी गाड्यांच्या आरशांची रंगवलेली कवचं हॉलंडला पाठवते. ओरखडा उठू नये म्हणून प्रत्येक कवच फोमच्या पिशवीत, ती थर्माकोलात, ते खोक्यात. माल तिकडं उतरला की हा सगळा कचरा त्यांच्या गळ्यात, आणि कंपनीत येणाऱ्या मालाचा तसलाच कचरा इकडं आपल्या गळ्यात. त्यावर दोन्ही कंपन्यांनी मिळून तोड काढली होती. घडी होणारे मजबूत क्रेट करायचे, आत कापडाचे जाड कप्पे लावायचे. क्रेट भरून जातील, घडी होऊन परत येतील, धुऊन-सांधून पुन्हा जातील. कप्प्यांना कापड म्हणून गाड्यांच्या सीटचं कव्हर शिवताना उरणारी कात्रणं वापरायची. आता थर थर घालून दाट शिवणाऱ्या बायका कुठं मिळतील, एवढाच प्रश्न उरला होता.

तनुजानं हात वर केला. “आमच्या सासूबाई आहेत,” ती म्हणाली, “पण त्या स्वभावासकट घ्याव्या लागतील.”

अशी हॉलंडची ऑर्डर हालंडिणीच्या गोठ्यात आली. गोठ्याला फरशी बसली, शिलाई मशीन आली, गटातल्या बायका जमल्या. त्यात गोजाबाईंची जाऊ अंबूबाई होती, जिच्या जिभेला गावात धार लावून घ्यायची गरज पडत नाही. वरच्या खोलीतली बीडची पिंकी होती, जी मशीनवर बसली की सगळ्यांना मागं टाकायची. मशीनवरचं काम संपलं की कप्प्याचा शेवटचा कोपरा हातानं बंद करायचा, आणि तो मान अर्थातच गोजाबाईंचा. ओव्हरटाइमचं नाव काढावं लागत नसे. जयदीप शिफ्टहून आला तरी आई गोठ्यातच. घरात इतकी शांतता त्यानं प्रथमच पाहिली होती आणि ती मोडू नये म्हणून तो स्वतःच चहा करून घ्यायचा.

पहिल्याच दिवशी गोजाबाई त्या कात्रणांवरून हात फिरवत बसल्या होत्या. करकरीत, कोरं कापड. कुणाच्या अंगाला लागलेलं नाही, कुणाच्या घामानं मऊ झालेलं नाही.

“ह्येच्यात माणूसच न्हाई गं,” त्या अंबूबाईला म्हणाल्या. “इतक्या लांब समुद्रावरनं जायाचं, आन् असं परक्यावानी?”

“मग घास तरी घाल बाई पोटात,” अंबूबाई म्हणाली.

“ते काय सांगाय लागतंय व्हय?”

आणि प्रत्येक कप्प्याच्या शेवटच्या कोपऱ्यात, सासूनं शिकवलं होतं तसा, ज्वारीचा घास गेला. यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटलं नाही. पिंकी तर म्हणाली, आमच्याकडं बी टाकतेत. तनुजानं पाहिलं, पण भाजीत मीठ घातलं हे जसं कुणी सांगत नाही तसं तिनंही ते कुणाला सांगितलं नाही. मंजुषा येऊन लांबी-रुंदी मोजून गेली, टाके पाहून खूश झाली. कप्प्याच्या पोटात काय आहे हे तपासायचं तिच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं. नारळ फुटला, फोटो निघाले आणि कंटेनर रवाना झाला. गोजाबाईंनी ट्रकच्या मागं बोटं कडाकडा मोडली.

त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी मंजुषा अचानक आली. चहा नको म्हणाली, तेव्हाच बायकांनी ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

“कंटेनर तिकडच्या बंदरात अडकलाय,” ती म्हणाली. “तपासणीत जिवंत किडे सापडलेत. क्रेटभर फिरत होते. आपल्याकडं इतकी स्वच्छता असताना हे कसं झालं तेच कळत नाही.”

तिनं मोबाइलवरचा फोटो दाखवला. गोजाबाईंनी चष्मा नाकावर ओढून तो न्याहाळला आणि त्यांना एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

“ह्ये तर आपल्या ज्वारीचं सोंडं,” त्या म्हणाल्या. “भोकं पाडत्यात बघा दाण्याला. समुद्राची दमट हवा, पोसलं असतील चांगलं.”

“ज्वारी?” मंजुषानं विचारलं. “ज्वारी कुठून आली?”

गोजाबाईंनी घासाची आणि अंगावरच्या कापडाची सगळी हकीकत सांगितली. मंजुषा बाजूच्या कात्रणांच्या गठ्ठ्यावर बसली आणि मग म्हणाली, मावशी, चहा द्या.

चहा पीत तिनं समोर काय वाढून ठेवलंय ते सांगितलं. मालावर औषधाची धुरी द्यावी लागली होती, कप्पे तिकडंच जाळून टाकावे लागले होते, माल पोचायला उशीर झाला होता आणि तिकडचे लोक विचारत होते की हे कापडी कप्प्यांचं खूळ चालू ठेवायचं की पुन्हा थर्माकोलवर यायचं. परवा व्हिडिओ कॉल होता. त्यात समाधान झालं नाही तर काम बंद. म्हणजे मशीन बंद, गोठा बंद, पिंकीला पुन्हा कुठंतरी हेल्परची नोकरी शोधणं आलं आणि गोजाबाईंचे हात पुन्हा मांडीवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि ते आपल्याच हातानं झालं, या विचारानं गोजाबाईंचा चहा गार झाला. त्यांना फार वाईट वाटलं. असं वाईट त्यांना गाय विकली त्या दिवसानंतर वाटलं नव्हतं.

“आपण सांगू की साठवणुकीच्या जागेत चुकून धान्य सांडलं होतं,” मंजुषा म्हणाली.

“चुकून?” गोजाबाई म्हणाल्या. “परत्येक कोपऱ्यात, आतल्या बाजूनं, शिवून बंद केल्यालं? त्ये लोक खुळे हायेत का, ताई? मी टाकली ते मीच सांगते. तुमी नुसतं त्येंच्या भाषंत सांगा.”

कॉल गोठ्यातूनच झाला. तनुजानं लॅपटॉप कडब्याच्या जुन्या फळीवर ठेवला. पडद्यावर मारेइके नावाच्या बाई आल्या. उंच, आखूड कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, तिकडच्या बाजूनं या कामाच्या प्रमुख. त्यांच्या मागं मोठं गोदाम दिसत होतं, आणि शेजारी गोदामातला मुकादम उभा होता. निळा, धुवून विटलेला कामाचा सदरा घातलेला आडव्या अंगाचा माणूस. गोजाबाईंनी नवीन लुगडं नेसलं होतं. त्यांनी नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली. मंजुषा भाषांतर करत गेली. उपाशी गोधडीपाशी आल्यावर ती जरा अडखळली, पण तिनं तेही सांगितलं.

पडद्यावरच्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग मारेइकेबाईंनी काहीतरी विचारलं.

“त्या विचारतायत,” मंजुषा म्हणाली, “की भूक लागली होती ती कप्प्याला का?”

“व्हय,” गोजाबाई म्हणाल्या.

मुकादम हसला. खदाखदा, खांदे हलवत हसला. मारेइकेबाईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. भावना समजली, त्या म्हणाल्या, तरी नियम तो नियम. एक दाणा जरी पुन्हा सापडला तरी काम तिथंच थांबवावं लागेल. इथला किडा तिथल्या शेतात गेला तर तो कुणालाच आवरायचा नाही.

मंजुषाला वाटलं होतं की मावशी आता वाद घालणार. पण गोजाबाई हे ऐकून खाली बघू लागल्या. “खरं हाय त्येंचं,” त्या म्हणाल्या. “आपल्या रानात ते गाजर गवत बी असंच परदेशी गव्हातनं आलं म्हनत्यात. आमी अजून उपटतोय. दुसऱ्याच्या रानात पीडा धाडायची माझी इच्छा न्हवती. आता दाना जायाचा न्हाई, माझा शबूद.”

कॉल संपत आला होता. तेवढ्यात गोजाबाईंनी विचारलं, “आन् आपलं क्रेट परत येताना कसं येनार?”

“रिकामे, घडी करून,” मंजुषा म्हणाली.

“रिकामं? शेजारनीचा डबा रिकामा परत द्येत न्हाईत आमच्यात. निदान चिमूटभर साखर तरी घालत्यात. त्येंना सांगा, तुमी काय घालू नका, नियम हाय तर हाय. पर आमाला ते बरं न्हाई वाटायचं.”

हे सांगू की नको असं मंजुषाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिनं सांगितलं. मुकादमानं मारेइकेबाईंना काहीतरी विचारलं, दोघं आपापसात बोलले, आणि पडदा बंद झाला.

एक खेप आणखी करून बघायची, असा निरोप आला. ती बिनतक्रार पोचली तर काम पुढं चालू. पण त्या खेपेचे कप्पे तयार होऊन बसले होते, आणि प्रत्येकाच्या पोटात ज्वारी. मग सगळ्या बायका उसवायला बसल्या. स्वतःच्या हातानं घातलेला टाका स्वतःच उसवणं फार जिवावर येतं. कोपरा उघडायचा, दाणे झटकायचे, ब्रशनं साफ करायचं, तनुजानं बॅटरीचा उजेड पाडून बघायचं, पुन्हा शिवायचं. निघालेली ज्वारी कोंबड्यांना घातली. त्या आठवड्यात गावातल्या कोंबड्यांइतकं समाधानी कुणीच नव्हतं.

“लेकराच्या तोंडातला घास काढल्यावानी वाटतंय,” गोजाबाई म्हणाल्या.

“मग खणाचा तुकडा लाव कोपऱ्याला,” अंबूबाईनं सुचवलं. “लाल, काठाचा. त्योच घास समजायचा.”

“कोऱ्या कापडाला कोऱ्या कापडाचा घास? त्येनं पोट भरतंय व्हय कुनाचं? तुला जेवाय बोलावून ताटाचंच चित्र वाढलं तर चालंल?”

अंबूबाई गुमान पुढचा कोपरा उसवायला लागली, हा गावाच्या इतिहासातला दुर्मीळ प्रसंग. कप्पे उपाशीच गेले. या वेळी गोजाबाईंनी बोटंही मोडली नाहीत. पुढचे कितीतरी दिवस त्या भाजीत मीठ कमी आहे, पंखा आवाज करतो, पिंकी फार भरभर शिवते, अशा तक्रारी करत राहिल्या. तनुजानं ओळखलं होतं की खरी तक्रार वेगळी आहे, पण तिच्यावर तिच्याकडं औषध नव्हतं.

दुसरी खेप बंदरातून एकही हरकत न येता सुटली. मंजुषा पेढे घेऊन आली. काम पक्कं झालं, आता दर महिन्याला जायचं. बायकांनी पिंकीला नाचायला लावलं, अंबूबाई दोन पेढे खाऊन तिसरा पदराला बांधून घेऊन गेली. गोजाबाईंनी पेढा देवापुढं ठेवला, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, चला, बरं झालं. त्यांना आनंद झाला होता यात शंका नाही. पण गोधडी घास न घालता शिवून द्यायची, हे आता कायमचं झालं होतं, आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

पहिले क्रेट परत आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या गर्दीत तासन्‌तास रखडून ट्रक दुपारी दारात लागला. क्रेट उतरवून घडी उलगडायची, कप्पे बाहेर काढायचे, फाटलेले बाजूला करायचे, असं काम होतं. मंजुषाही आली होती, कारण मारेइकेबाईंनी तिला मेल पाठवून कळवलं होतं की मावशींनी कप्पे उघडताना तू तिथं हजर राहा. का, ते लिहिलं नव्हतं.

गोजाबाईंनी पहिला कप्पा बाहेर काढला. कोपऱ्यावर, जिथं त्यांचा शेवटचा टाका होता तिथंच, एक निळं ठिगळ होतं. विटलेलं, मऊ. टाका इतका वेंधळा की एक लांब, एक आखूड, मध्येच गाठ. दुसऱ्या कप्प्यावरही तसंच, त्यावर सदऱ्याच्या खिशाची अर्धी शिवण तशीच आलेली. तिसऱ्यावर चौकड्याच्या फडक्याचा तुकडा. पुढच्यावर पुन्हा निळा, एका ठिकाणी बटणाचं काजसुद्धा राहिलेलं.

“हे काय प्रकरण आहे,” मंजुषा म्हणाली आणि तिनं फोन लावला. पलीकडून मारेइकेबाईंनी सांगितलं ते तिनं बायकांना सांगितलं. काही कप्पे आकड्यांना अडकून कोपऱ्यात फाटले होते. फाटलेले तसेच परत पाठवायचे असं ठरलेलं होतं. पण मुकादम ऐकेना. डबा रिकामा परत द्यायचा नसतो असं त्या बाईंनी सांगितलंय, तो म्हणाला, आणि त्यांच्याकडं गोधडीला माणसांचे कपडे लागतात असंही आपण नंतर मंजुषाकडून ऐकलंय. त्यानं आपला जुना कामाचा सदरा धुऊन आणून कापला. ते बघून बाकीच्यांनी आपापले आणले. जेवणाच्या सुट्टीत बसून सगळ्यांनी शिवलं. फाटलेले होते त्यांना तर लावलंच, न फाटलेल्यांनाही लावलं. सुई धरायला त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं.

गोजाबाईंनी ते निळं ठिगळ नाकाशी नेलं. साबणाचा वास होता, आणि त्याच्या खाली, धुऊनही न गेलेला, ऑइलचा. जयदीप शिफ्टहून येतो तेव्हा त्याच्या शर्टाला येतो तसाच.

“माणूस हाय ह्येच्यात,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत.

“मावशी, एक अडचण आहे,” मंजुषा हळूच म्हणाली. “ठरल्याप्रमाणे ठिगळ त्याच कापडाचं हवं. हे उसवून दुसरं लावावं लागेल.”

“उसवा की,” गोजाबाई म्हणाल्या. “पर एका बाजूनं त्यो मुकादम आन् एका बाजूनं मी, असं दोघांना इचारून उसवा.”

मंजुषा त्या वेंधळ्या टाक्यांकडं बघत राहिली. मग तिनं पुन्हा फोन लावला, या वेळी बराच वेळ बोलली, आणि आत येऊन सांगितलं की धुतलेलं जुनं कापड चालेल, दोन्हीकडून मान्य झालंय. फक्त धुतलेलं, हे तिनं दोनदा बजावलं.

गोजाबाई घरात गेल्या आणि पेटी उघडून एक जुनं हिरवं लुगडं घेऊन बाहेर आल्या. कांद्याच्या खुरपणीला त्या हेच नेसायच्या, आणि गाय विकली त्या दिवशीही हेच अंगावर होतं. त्यांनी पिंकीला कात्री मागितली.

“आता लुगडं बी हालंडला धाडतीस का गं?” अंबूबाई म्हणाली.

“त्येंनी पोटभर घालून धाडलंय,” गोजाबाई पदर कापता कापता म्हणाल्या. “आपुन उपाशी धाडायचं व्हय?”

अंबूबाईनं थोडा वेळ बघितलं, मग उठून घरी गेली आणि आपल्या नवऱ्याचं जुनं धोतर घेऊन आली. ते आधी तनुजानं धुवायला टाकलं.